शेणोलीची गाडी मसूरला थांबवा

रात्रपाळी मारून गोदीतून बाहेर पडलो, लाल गेटापाशी चहा घेत होतो, तेवढ्यात गावाकडनं भाचीचा फोन.

"मामा, सरांनी माझी गाडी कापाय लावली."

पोरगी आठवीत. वाळवा तालुक्यातली शाळा. कुठली ते सांगत नाही, कारण ती एकच असती तर मी हा लेख लिहिला नसता. शाळेत प्रकल्प होता : 'माझ्या जिल्ह्यातील स्वातंत्र्यलढा – सर्जनशील प्रतिकृती.' वीस मार्क. पोरीनं काडेपेट्यांचे डबे केले, बाटलीच्या झाकणांची चाकं, उदबत्तीच्या काड्यांचे रूळ. रुळावर खडे रचले. खड्यांपाशी टोप्या घातलेली मातीची माणसं. ही ७ जून १९४३ ची शेणोलीची गाडी. तुफान सेनेनं रुळावर दगड रचून थांबवली आणि साहेबाच्या पगाराचा पैसा काढून घेतला ती गाडी. आमच्या भागात शेंबड्या पोरालाबी माहीत आहे.

पण पोरगी आमच्या घरची. तिच्याकडं काड्या उरल्या. तिनं रूळ लांबवले. शेणोलीवरनं कराड, कराडावरनं पुढं मसूर. मसूरच्या फलाटावर मातीचं एक पोरगं बसवलं, अंगात कोट, डोक्यावर टोपी, आणि त्याच्यापुढं एक पालथा पेला. खाली कागदावर लिहिलं : '१९०१. हा भीमराव. ह्याला पाणी मिळालं नाही.'

सर म्हणाले, छान आहे, पण हे समाजसुधारणेत येतं. स्वातंत्र्यलढ्यात येत नाही. विषयांतर झालं. एवढा तुकडा काढ, मग मार्क देतो. आणि टेबलाच्या खणातली कात्री काढून पोरीच्या हातात दिली.

पोरीनं कापलं. वीसपैकी अठरा मिळाले.

दोस्तहो, त्या कात्रीबद्दल बोलायचंय. सरांबद्दल नाय. सर गरीब माणूस आहे, पुस्तकात दिसतं तसं शिकवतो. भाचीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'स्वातंत्र्यलढ्याचे अंतिम पर्व' हा एक धडा. 'समतेचा लढा' हा दुसरा. बामणाच्या पंगतीला वेगळा ओटा आणि आमच्या पंगतीला वेगळा, तसे दोन धडे. पहिल्या धड्यात बंदूक, बाँब, रेल्वे, प्रतिसरकार. दुसऱ्यात आम्ही. पहिल्यातल्या माणसांनी देश सोडवला. दुसऱ्यातल्यांनी काय केलं? सुधारणा केली! म्हंजे घर त्यांनी बांधलं आणि आम्ही फक्त चुना मारला. कात्री सरांच्या खणात नंतर आली. ती आधी पुस्तकात होती.

आता मसूर आणि शेणोली ही दोन ठेसनं काय आहेत ते नीट सांगतो, कारण आपल्यातल्या मुंबईत वाढलेल्या पोरांना हा भाग माहीत नाही.

पुणे-मिरज लाइन. साताऱ्याकडनं खाली येताना कराडच्या अलीकडं मसूर, कराडच्या पलीकडं शेणोली. पॅसेंजरनं निघालात तर मसूरला तोंडात टाकलेलं पान शेणोलीला थुंकाल, इतकंच अंतर. १९०१ साली सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. कामावर काय चाललं होतं? दुष्काळ पडलेला, माणसं मरत होती, म्हणून सरकारनं तळं खणायचं काम काढलं होतं. बापाला भेटायला साताऱ्याहनं घरची पोरं निघाली. त्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव. नवे कपडे घालून, उड्या मारत. मसूरला उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं, चिठ्ठी पोचली नव्हती. पोरांचे कपडे बघून ठेसनमास्तर गोड बोलला. जात कळली तसा त्याचा चेहरा फिरला. गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार, असा सौदा झाला. जवळ भाकरतुकडा होता, पाणी नव्हतं. पाण्यासाठी टोलनाक्यावर मुसलमान म्हणून सांगून बघितलं, तरी पाणी नाही. सगळी रात्र तशीच. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. बाप तळ्याच्या कामावर, आणि पोराला त्या वाटेवर घोटभर पाणी नाही.

बेचाळीस वर्षांनी त्याच लाइनवर, खाली शेणोलीला, दगड रचले गेले. एक गाडी इंग्रजांना अडवायची म्हणून थांबवली. दुसरी बैलगाडी थांबवायलाबी लागली नाही, ती आधीच जागच्या जागी उभी होती. मला एवढंच सांगा : दोन्ही ठिकाणी गुलामीच होती की नाही? मग एकीला प्रतिकृती आणि दुसरीला कात्री का?

पोरीनं सांगितल्यावर मी दोन दिवसांची रजा टाकली. कंत्राटी माणसाची रजा म्हंजे दोन दिवसांची हाजरी गेली. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या आणि गावाला गेलो. शाळेत जाऊन सरांना भेटलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. भांडण झालं नाही. ते म्हणाले, "हे बघा, तुम्ही मुंबईत असता, वाचता-लिहिता. पण खरं सांगू का? बेचाळीसला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. मग स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकल्पात त्यांना कसं बसवायचं?"

हा प्रश्न आपल्याला शंभर ठिकाणी विचारला जातो. आपण चिडतो, टेबल आपटतो आणि उत्तर देत नाही. मी त्या दिवशी दिलं. म्हणालो, सर, होते. १९४२ ते १९४६ मजूर खातं त्यांच्याकडं होतं. ह्यात लपवायचं काय? कारखान्यातल्या मजुराचा आठवडा ५४ तासांवरनं ४८ तासांवर आणणारा १९४६ चा कायदा त्याच खात्याचा. मी हमाल माणूस आहे, आठ तासांच्या पाळीचा अर्थ मला पाठीनं कळतो. आमच्या पायात दोन बेड्या होत्या. एक साहेबाची, एक गावाची. साहेबाची बेडी तोडायला सगळा देश धावला, बरं झालं. गावाची बेडी तोडायला किती जण आले होते? २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर पाणी प्यालो म्हणून आमची डोकी फोडली, ती फोडणारे इंग्रज होते काय? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात आमचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच साली बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. बिळाशीचा सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्यात, नाशिकचा सत्याग्रह समाजसुधारणेत! सत्याग्रह तोच, साल तेच, सरकार तेच. फक्त माणसं वेगळी.

सर गप्प झाले. मग म्हणाले, "पुस्तकात तसं दिलंय."

आता माझीबी एक गोष्ट सांगतो. मी सहावीत होतो. स्नेहसंमेलनात पत्री सरकारचं नाटक बसवलं होतं. वाटण्या झाल्या. नाना पाटील कोण, तर पाटलाचा पोरगा. जी. डी. बापू लाड कोण, तर सोसायटीच्या चेअरमनचा. उरलेली तुफान सेना पण त्याच आळीतली. मला काय मिळालं? खबऱ्या. सरकारला टीप देणारा गद्दार. का, तर 'तुझा आवाज बारीक आहे.' आवाज बारीक! पत्री सरकारनं खबऱ्यांना आणि गुंडांना तळव्यांवर काठीनं फोडून काढलं हे खरं आहे, त्यावरनंच नाव पडलं. नाटकात मला आडवं पाडलं, पाय बांधले आणि पोरांनी हाणलं. तालमीत खोटं हाणत होते. त्या रात्री लाइटी लागल्या, माणसं टाळ्या वाजवाय लागली, तसं खरं हाणलं. मी ओरडलो. लोकांना वाटलं काय झकास काम करतंय पोरगं. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली. घरी लंगडत गेलो. आईनं हळद लावली. ती वाटी तिनं कधी वापरली नाही. पत्र्यावर उपडी पडून असायची.

मी बरीच वर्षं तेवढ्याच रागात राहिलो, की मला खबऱ्या केला. नंतर कळलं, की राग तिथं संपत नाही. माझा पणजा १९४३ साली गावाचा येसकर होता. महारकी वतनाची. म्हंजे कागदोपत्री तो सरकारचाच चाकर. गावात कोण आलं कोण गेलं ते चावडीवर सांगायचं, साहेब आला की घोड्यापुढं पळायचं, टपाल पोचवायचं. बदल्यात बलुतं आणि दोन मुंड्या जमीन. आता विचार करा. रात्री भूमिगत पोरं उसाच्या फडात आली. येसकरानं चावडीवर सांगितलं तर पत्री. नाही सांगितलं तर वतन गेलं, फौजदाराचे बूट वेगळे. आजी सांगायची, की पणजानं सांगितलं नाही. उलट भाकऱ्यांचं गठुळं फडात नेऊन ठेवायचा, ठेवायचा म्हंजे लांबनं ठेवायचा. पोरं तो गेल्यावर उचलायची. त्यातल्या कोणी हाताला हात लावून घेतलं का, हे आजीला कधी विचारायचं धाडस झालं नाही. आता आजी नाही.

अशा माणसाचं नाव कुठल्या यादीत येणार? १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन निघाली. त्याला पुरावा पाहिजे, सहा महिन्यांचा तुरुंग दाखवा किंवा सहा महिने भूमिगत होतो ते कागदावर दाखवा. भाकरी ठेवून परत आलेल्या येसकराला कागद कोण देणार? तो भूमिगत झाला नाही, कारण तो असाबी गावाच्या बाहेरच राहत होता. महार वतनं मोडावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात बिल आणलं. वतनं खालसा व्हायचा कायदा झाला १९५८ साली. देशाला स्वातंत्र्य मिळून अकरा वर्षं झाल्यावर. मग माझ्या पणजाचा पंधरा ऑगस्ट कुठला धरायचा, ते सर्जनशील प्रकल्पवाल्यांनी सांगावं.

आणि मांग, रामोशी, कैकाडी, बेरड ह्यांचं काय? गुन्हेगार जमाती म्हणून रोज हजेरी. गाव सोडायचं तर दाखला. इंग्रजांचा १८७१ चा कायदा, अख्ख्या देशातनं गेला १९५२ साली. वाटेगाव आमच्या वाळव्यातलंच. तिथल्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० ला अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांनी 'फकिरा' लिहिली १९५९ साली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. फकिरानं इंग्रजांचा खजिना लुटला, दुष्काळात भुकेलेल्यांना वाटला. शेणोलीत लुटला तो क्रांतिकारक, फकिरानं लुटला तो दरोडेखोर! लुटलेला पैसा एकाच सरकारचा. फरक जातीच्या रकान्यात.

थांबा. इथं काही जण टाळ्या वाजवतील आणि म्हणतील, जाळा ते पत्री सरकार. मी ते म्हणत नाही. म्हणणाऱ्याला मी विचारीन, बाबा, तुला नाना पाटील कोण ते माहीत आहे का? नाना पाटील सत्यशोधक मुशीतला माणूस. येडेमच्छिंद्रचा शेतकरी, साधा तलाठी, नोकरी सोडून उतरला. त्यांच्या सरकारनं नुसत्या गाड्या लुटल्या नाहीत. गावोगाव न्यायदान मंडळं काढली, सावकाराच्या तोंडून जमिनी काढल्या, बिनखर्चाची गांधी-लग्नं लावली, दारूचे गुत्ते मोडले. पुढं माणूस कम्युनिस्ट पक्षात गेला, लोकसभेत गेला, आणि ६ डिसेंबर १९७६ ला वारला. सहा डिसेंबर! आपण चैत्यभूमीच्या रांगेत असतो तो दिवस.

ह्यातलं शाळेत काय उरलं? मिशा, फेटा आणि काडेपेटीची गाडी. न्यायदान मंडळाची प्रतिकृती मी अजून एका प्रदर्शनात पाहिली नाही. कारण ती थर्माकोलची होत नाही. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, ते सोडा. ती होत नाही कारण न्यायदान मंडळ बसवलं, तर गावातला आजचा सावकार कोण, आजचा पाणंदीवरचा खटला काय, आजच्या विहिरीवर कोण चढतं, हे समोर येतं. म्हणून सरांची कात्री आमच्या एकट्यावर चालत नाही. ती नाना पाटलांवरबी चालली आहे. त्यांचं पोट कापून नुसत्या मिशा ठेवल्या.

ह्याच लाइनवर आणखी खाली, सांगलीच्या अलीकडं, नांद्रे नावाचं ठेसन आहे. राजा ढाले त्या गावचे. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त त्यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला आणि महाराष्ट्र हादरला. त्यांचा सवाल साधा होता. दलित बाईच्या अब्रूला पन्नास रुपये दंड आणि झेंड्याच्या अब्रूला तीनशे, हा हिशोब कुणाचा? स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती तेव्हा. मसूर, शेणोली, नांद्रे. १९०१, १९४३, १९७२. एकाच रुळावरची तीन ठेसनं. ह्याच्यापेक्षा मोठा प्रकल्प सातारा-सांगलीच्या कुठल्या पोराला पाहिजे? आणि साऱ्या तीन ठेसनांतनं गाडी एकाच ठेसनावर थांबवता?

आता आपल्यावर येतो. दुसऱ्यावर दगड मारायला मज्जा येते.

मी ज्या गोदीत राबतो तिथं १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. बोटीत दारूगोळा आणि त्यालाच लागून कापसाच्या गाठी. आठ-एकशे माणूस गेलं, कमी-जास्त. त्यात गोदीतली माणसं होती, झोपड्यांतली होती. आगीच्या बंबावरची ६६ माणसं गेली, त्यांचा दिवस सरकार पाळतं, पाळलाच पाहिजे. हमालांचा दिवस नाही. त्याच तारखेला तिकडं धुळ्याच्या वाटेवर चिमठाण्यापाशी प्रतिसरकारच्या पोरांनी सरकारी खजिना लुटला. आणि ती तारीख आपली भीमजयंती. एका तारखेत तीन इतिहास. आणि आपण त्या दिवशी काय करतो? डीजे. भिंती हादरतात, म्हातारी माणसं कानात बोळे घालतात. आमच्या चाळीत दहा वर्षांत एका मंडळानं गोदीत मेलेल्या हमालाची एक पाटी लावली नाही. मीबी लावली नाही. मीबी नाचलो.

शाळेतल्या प्रकल्पाचं तेच. आपली पोरं स्टेशनरीतनं दहा रुपयांचा 'थोर पुरुष' चार्ट आणतात, बाबासाहेबांचं चित्र कापतात, डिंकानं चिकटवतात. बाप विचारत नाही, आई विचारत नाही, झालं. निळा कोट, जाड चष्मा, हातात पुस्तक. त्यांनी मिशा ठेवल्या, आपण चष्मा ठेवला. मसूरचं तहानलेलं पोर दोघांनाबी नको.

म्हणून भांडायचं असेल तर असं भांडू. मार्क वाढवून मागू नका, प्रकल्प बदलून मागा. पोरांना सांगा, गावच्या पाणवठ्यांचा नकाशा काढ. १९४३ ला कोण कुठं पाणी भरत होतं, आज कुठं भरतं, दोन रंगांत दाखव. रूळ आपोआप दिसतील. म्हाताऱ्या बायांकडं बस. भाकऱ्या कुणी थापल्या, गठुळी कुणी नेली, हजेरीला कोण जात होतं, ते त्यांच्या तोंडच्या शब्दांत उतरवून घे. उशीर करू नका. नाना पाटलांची लेक हौसाताई २०२१ ला गेल्या, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ २०२२ ला गेले. आपली माणसं तर कधी गेली ते छापूनबी येत नाही. न्यायदान मंडळ वर्गात भरव, आणि त्यात मसूरच्या ठेसनमास्तरावर खटला चालव. निकाल पोरांना देऊ द्या. आणि नाटक बसवायचं तर भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. पाटलाच्या पोराला एकदा खबऱ्या होऊ द्या, महारा-मांगाच्या पोरीला नाना पाटील होऊ द्या. तळवे कुणाचेबी असोत, खरं हाणू नका.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव रजिस्टरला चढलं. २०१७ पासून सरकार तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. परिपत्रक येतं, मास्तर ते वाचतात, पोरं टाळ्या वाजवतात, अर्धा तास झाला की गणिताचा तास. पुढच्या ७ नोव्हेंबरला आपण दहा-वीस पोरं मुंबईहनं रात्रीची गाडी धरू आणि मसूरला उतरू. घोषणा नको, डीजे नको. एक माठ आणि पेले घेऊन उतरू. फलाटावर जो येईल त्याला पाणी पाजू, जात न विचारता. मग पॅसेंजरनं शेणोलीला जाऊन तिथल्या दगडांपुढं उभं राहू, मान खाली घालून. दोन्ही ठिकाणी. ज्याला ह्यातलं एकच ठिकाण आपलं वाटतं, त्यानं येऊ नये.

भाचीनं कापलेला तुकडा कचऱ्यात टाकला नव्हता. दप्तरात वहीत घालून ठेवला होता. मातीचं पोर फुटलं होतं, पेला शाबूत होता. मी तो मुंबईला आणलाय. माझ्या खोलीत, हूक टांगतो त्या खिळ्याखाली, फळीवर ठेवलाय. परत जोडायचा आहे. गोंद काय, कुठंबी मिळतो.

जयभीम.